कॅनडाचं नागरिकत्वाचं सी-6 विधेयक आणि देवगडची कलमं

आचऱ्याची लेक (एप्रिल 2017 अखेर, सी-6 कायदा होण्याआधी)

परवा इथे देवगडकर दादांनी लिहिलं, "कॅनडाचा कायदा रखडला म्हणून रडणाऱ्या कोकण्यांची कीव येते. घराला कुलूप, कलमांवर बांडगुळं, आणि ह्यांना दुसऱ्या देशाचा पासपोर्ट हवा." दोन दिवस गप्प बसले. आता राहवत नाही.

मी 2011 मध्ये टोरांटोला शिकायला आले. तेव्हा नागरिकत्वाचा नियम तीन वर्षांचा होता आणि पीआरच्या, म्हणजे कायम राहण्याच्या परवान्याच्या, आधी काढलेले दिवस अर्धे धरायचे. 2014 मध्ये हार्पर सरकारने सी-24 आणलं. त्यानुसार सहा वर्षांत चार वर्षं, म्हणजे 1460 दिवस, देशात हजर पाहिजे. विद्यार्थी म्हणून, वर्क परमिटवर काढलेले दिवस शून्य. फी 100 डॉलरवरून दोन टप्प्यांत 530 वर गेली, वर हक्काचे म्हणून 100 वेगळे. नवं सरकार आल्यावर फेब्रुवारी 2016 मध्ये सी-6 मांडलं गेलं: पाच वर्षांत तीन वर्षं, आणि जुने दिवस पुन्हा अर्धे, जास्तीत जास्त 365. जूनमध्ये खालच्या सभागृहाने मंजूर केलं. तेव्हापासून सिनेटमध्ये पडून आहे. मधे इमिग्रेशन मंत्री बदलले, मॅकलम गेले, अहमद हुसेन आले. विधेयक आहे तिथेच.

माझ्या वहीत आज 834 दिवस आहेत. सी-6 लागू असतं तर 365 धरून 1199 झाले असते, लागतात 1095. सी-24 च्या हिशेबाने अजून 626 बाकी.

कॅनडाबाहेर होते म्हणून 58 दिवस वजा झालेत. त्यातले 38 आईचे. आयसीयूबाहेरच्या बाकड्यावर बसून मी बोटांवर दिवस मोजत होते. आई आत होती. 27व्या दिवशी ती गेली. दहावं झालं आणि तेराव्याला न थांबता मी निघाले. भाऊ अजून धड बोलत नाही. दादा, मी पासपोर्टची भीक मागत नाही. राहिले, राबले, कर भरला, ते दिवस मोजा एवढंच म्हणते.

देवगडकर

ताई, आईचं वाचून वाईट वाटलं. पण मुद्दा सोडणार नाही. तुमच्या 626 दिवसांची चर्चा होते, आमच्या दिवसांची कोण करतो?

आमचा सातबारा सामाईक, 11 नावं. त्यातले दोघे चुलतभाऊ अमेरिकेत. पीककर्जाला सगळ्यांची संमती लागते, ह्यांची सही येईपर्यंत मोहोर गळून जातो. तुडतुड्यावर फवारणी मी करायची, राखण मी करायची, वानरांमागे उन्हात मी धावायचं, आणि पेट्या मुंबईला गेल्या की ह्यांचा फोन, "यंदा किती झाले?" नागरिकत्व घेतलं की सातबारावरचं नाव उडतं, हे ह्यांना कुणी सांगत नाही. उडालंच पाहिजे.

जुना बोसन, रत्नागिरी

तीन वर्षं की चार, आमच्या झिलाला दोन्ही सारखंच. त्याला पीआर आहे, सूनबाई आणि नात व्हँकुव्हरला, आणि तो जहाजावर. वर्षाचे सात महिने पाण्यात. ते दिवस देशात धरत नाहीत. पीआर टिकवायलाच पाच वर्षांत 730 दिवस लागतात, तेसुद्धा कसेबसे भरतात. सी-6 आलं तरी अट प्रत्यक्ष हजेरीचीच राहणार. मी 34 वर्षं बोटीवर काढली, घरी आलो की पोरगं मला काका म्हणायचं. म्हणून म्हणतो, हजेरीवर माणसाचं घर ठरवू नये.

बाणकोटी

वडिलांनी 29 वर्षं कुवेतमध्ये काढली. तिथे आमच्यासाठी ना विधेयक, ना सिनेट, ना वही. ऑगस्ट 1990 मध्ये इराक घुसला तेव्हा बगदादमार्गे अम्मानला पोचले, तिथून विमानाने मुंबई. लाखाहून जास्त माणसं तशीच परतली. अब्बांच्या हातात एक बॅग आणि दुकानाच्या किल्ल्या होत्या. पुन्हा गेले, पुन्हा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना. साठीनंतर परत पाठवलं.

आचऱ्याच्या ताई, तुमचं दुःख खोटं म्हणत नाही. पण तुमच्याकडे वाट बघायला काहीतरी आहे. आमच्या अख्ख्या मोहल्ल्याला तेही मिळालं नाही.

आचऱ्याची लेक

भाई, अब्बांचं वाचून गप्प झाले. तरी सांगते, त्यांना मिळालं नाही म्हणून मलाही मिळू नये, हा न्याय नाही. आणि वाट बघायला काहीतरी आहे म्हणता, तर त्यातलाच त्रास ऐका. गेल्या जूनपासून दर महिन्याला वाटतं, या महिन्यात होईल. घर घेऊ की नको, नोकरी बदलू की नको, बाबांना बघायला जाऊ की नको, सगळं त्या एका मतदानावर टांगलेलं. सिनेटने आता दुरुस्ती केली, म्हणजे पुन्हा खालच्या सभागृहात जाणार. त्या दुरुस्तीत नागरिकत्व काढून घेण्याआधी सुनावणीचा हक्क आहे, तो हवाच, त्याबद्दल तक्रार नाही. पण तो घालायला दहा महिने?

माजी तलाठी

देवगडकर, सातबाराबद्दल चुकीचं पसरवू नका. मी 30 वर्षं फेरफार लिहिले. नागरिकत्व कायदा 1955 चं कलम 9 सांगतं की दुसरं नागरिकत्व आपणहून घेतलं की भारताचं जातं. तिथे जमिनीचा शब्द नाही. नाव तसंच राहतं. ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड, घेतलेल्याला नवी शेतजमीन विकत घेता येत नाही, कलमांची बाग, फार्महाऊसही नाही, आणि बक्षीसपत्रानेही मिळत नाही. वारसाने मात्र मिळते. विकायची तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच.

देवगडकर

बरं, चुकलं. नाव राहतं, मान्य. म्हणजे आमच्या डोक्यावर ती 11 नावं कायमचीच! ह्यात मला समाधान काय?

वेंगुर्ल्याची मावशी

नावां उडवूचा म्हणतास, तर आमच्या बहिणींचा काय? माका नवऱ्याच्या घरी दिल्यानी आणि दुसऱ्याच वर्षी हक्कसोडपत्रावर सही घेतल्यानी. मी खय कॅनडाक गेलंय? तीन मैलांवर रवतंय. गावात राहणारेच हिस्से खातत, परदेशातल्यांका कित्याक बोल लावतास?

देवगडकर

मावशी, विषय बदलू नका. मी कुणाचा हिस्सा खाल्लेला नाही.

वेंगुर्ल्याची मावशी

तुझ्या बहिणीचा नाव आसा काय त्या 11 मध्ये? ता सांग आधी.

बाणकोटी

उत्तर द्या, देवगडकर.

देवगडकर

नाही. 2003 मध्ये हक्कसोड झाली. तिने राजीखुशीने दिली. घरातली गोष्ट चारचौघांत काढायची गरज नव्हती.

आचऱ्याची लेक

मग आमची घरंही चारचौघांत काढू नका. तुम्ही आमच्या घराचं कुलूप बघितलंत. किल्ली शेजारच्या काकींकडे आहे, त्या रोज दिवा लावतात, त्यांना दर महिन्याला पैसे जातात. कलमं 40 आहेत. बाबांना उभं राहवत नाही म्हणून दोन वर्षं कराराने दिली. करारवाल्याने मोहोर आणायचं औषध, कल्टार, भरमसाट घातलं, आता सात झाडं वाळतायत. आंबा मागणाऱ्यांतली मी नाही. बांडगुळं काढायची मजुरी मी पाठवते.

देवगडकर

कल्टारचं हे मलाही आत्ताच कळलं. खोडाजवळची मुळं उकरून बघा, शेणखत घाला, दोन पावसाळे एक थेंबही कल्टार नको. माणूस हवा असेल तर माझा गडी पाठवतो, आचऱ्याला आमची ये-जा असते. परदेशात जाणाऱ्यांबद्दल माझं मत बदललेलं नाही.

माजी तलाठी

ताई, एक काम लगेच करा. आईच्या नावावर काही असेल तर वारसनोंद आत्ताच घाला, सहा-क च्या वहीत चढली पाहिजे. बाबांची शेतजमीन मात्र बक्षीसपत्राने घ्यायला जाऊ नका. तुम्ही परदेशात राहता, म्हणून ते आत्ताही चालणार नाही, वारसानेच मिळेल.

आचऱ्याची लेक

आईच्या नावावर विहिरीकडची पाच गुंठे आहे. वारस म्हणून भावाचीही सही लागेल ना, काका?

माजी तलाठी

असलेली चांगली. तुम्ही स्वतः आलात तर बरं. मे महिन्यात या.

आचऱ्याची लेक

मे नको, काका. गणपतीला येते. 25 ऑगस्टला आहेत. 20 दिवस वजा होतील, होऊ देत. भावाशी समोर बसूनच बोलायचंय.