एवढासा आरएनए आणि कॅन्सर

"जो आरएनए प्रथिनच बनवत नाही, त्याचा कॅन्सरशी काय संबंध?" ही शंका रास्त आहे. मायक्रोआरएनए हा असाच आरएनए, जेमतेम २२ अक्षरांचा (म्हणजे २२ रासायनिक घटकांचा). पण तो प्रथिनाची कृती वाहून नेणाऱ्या संदेशवाहक आरएनएला चिकटतो आणि प्रथिन बनणंच रोखतो. २००२ मध्ये कॅन्सर संशोधक कार्लो क्रोचे यांच्या गटाला दिसलं, की सीएलएल या रक्ताच्या कॅन्सरमध्ये बऱ्याच रुग्णांच्या १३ व्या गुणसूत्राचा एक तुकडा गळालेला असतो, आणि मिर-१५ व मिर-१६ हे दोन मायक्रोआरएनए नेमके तिथेच बसलेले! ही जोडगोळी एरवी बीसीएल-२ या पेशीला मरू न देणाऱ्या प्रथिनाला लगाम घालते. ती गेली की पेशी मरायचं नावच घेत नाहीत.

उपचाराचं गाडं मात्र अडलंय. कॅन्सरला आवर घालणारा मिर-३४ हा मायक्रोआरएनए बाहेरून देऊन पाहिला, पण रुग्णांची प्रतिकारयंत्रणा इतकी बिथरली, की २०१६ मध्ये चाचणीच थांबवावी लागली.