जामीन मंजूर झाला, पण जामीनदार कुठून आणायचा?

धागाकर्ता (टंकलेखक):
सोलापुरात न्यायालयाबाहेर प्रतिज्ञापत्रे टंकित करण्यात माझी बावीस वर्षे गेली, त्यामुळे जामिनाचा आदेश आणि प्रत्यक्ष सुटका यांत किती दिवस जातात हे मी कागदांवरून पाहत आलो आहे. मागच्या पावसाळ्यात एक विडी कामगार बाई आल्या. मोबाईल चोरीच्या प्रकरणात त्यांच्या मुलाला पंधरा हजारांचा जामीन मंजूर झाला होता आणि तेवढ्या ऐपतीचा जामीनदार हवा होता. पिशवीत घरपट्टीची पावती होती, पण ती मयत सासऱ्यांच्या नावे. भाऊ जामीन राहायला तयार होता, पण त्याची पाच एकर जमीन इंडी तालुक्यात, म्हणजे कर्नाटकात, आणि तिकडची पहाणी (जमिनीचा उतारा) इथे चालणार नाही असे त्यांना सांगण्यात आले. मुलगा आणखी सतरा दिवस आत राहिला.

वास्तविक १९७८ सालीच मोतीराम या गवंड्याच्या प्रकरणात, भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून त्याला जामीनदार म्हणून नाकारणे सर्वोच्च न्यायालयाने चूक ठरवले होते आणि दहा हजारांऐवजी एक हजाराच्या जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय स्वतःच्याच हमीवर, मोतीरामला सोडले होते. २०२२ च्या अखेरीस देशातील तुरुंगांत क्षमतेच्या १३१ टक्के कैदी होते आणि चारांतले तीन कच्चे कैदी, म्हणजे खटल्याचा निकाल न लागलेले, होते. जामीनपात्र गुन्ह्यात अटकेपासून आठवड्याभरात जामीनदार देऊ न शकणाऱ्याला निर्धन समजून जातमुचलक्यावर सोडावे, असे कायदाच सांगतो. तीन वर्षांपर्यंत शिक्षेच्या अजामीनपात्र गुन्ह्यांनाही हेच लागू करावे, असे माझे मत आहे.

टॉवेल कारखानदार:
मी सहमत नाही, आणि मी निर्दय आहे म्हणून नव्हे. माझ्या गोदामातून सुताचे कोन चोरीला गेले, आरोपी जातमुचलक्यावर सुटला आणि तिसऱ्या तारखेपासून येईनासा झाला. आपण ज्या सरहद्दीची तक्रार करता तीच मला उलट्या बाजूने नडली: तो पलीकडे गेला आणि प्रत्येक वॉरंट ‘मिळून आला नाही’ असा शेरा घेऊन परत आले. मी मात्र प्रत्येक तारखेला कारखाना सोडून जात होतो. एकमेव साक्षीदार असलेला वृद्ध रखवालदार दरम्यान वारला. जामीनदार असता तर निदान त्याच्या दारात जाता आले असते. कैद्याच्या हक्कांवर लिहिताना फिर्यादीच्या या वर्षांचा हिशेब कोणी मांडत नाही.

सेटलमेंटमधला एक रहिवासी:
जामीनदार मागण्याआधी पत्ता विचारला जातो आणि आमची खरी अडचण तिथेच सुरू होते. १८७१ पासून चालत आलेल्या, काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवणाऱ्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली आमच्या आजोबांना याच सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणात ठेवले होते. तो कायदा देशभरातून १९५२ पर्यंत गेला, पण वस्तीचे नाव सांगितले की समोरचा कागदावरून मान वर करून पाहतो, तो आजही. तुरुंगात जातीनुसार कामे वाटणारे आणि विमुक्त जमातींना (त्या कायद्यातून मुक्त झालेल्या आमच्यासारख्या जमातींना) सवयीचे गुन्हेगार मानणारे नियम सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी घटनाबाह्य ठरवले. म्हणजे तोवर ते पुस्तकांत शाबूत होते. आमच्यासाठी ‘ऐपतदार इसम’ सही करायला कोण येणार?

टॉवेल कारखानदार:
वस्तीवरून जामीन अडू नये, हे मला मान्य आहे. मग जामीनदाराऐवजी दर आठवड्याला पोलीस ठाण्यात हजेरीची अट घालावी.

सेटलमेंटमधला एक रहिवासी:
हजेरी हाच शब्द आपण निवडावा, हे विशेष आहे. माझ्या आजोबांनी तरुणपणी रोज हजेरीच दिली, तीही कोणता गुन्हा न करता. शिवाय यंत्रमागावर रोजंदारी करणाऱ्याचा आठवड्यातला एक दिवस म्हणजे एका दिवसाची मजुरी.

धागाकर्ता:
कारखानदारांचे नुकसान खरे आहे, मात्र त्याचे कारण जातमुचलका आहे असे मला वाटत नाही. जामिनावर सुटून तारखेला न येणे हा स्वतंत्र गुन्हा असून त्याला एक वर्षापर्यंत शिक्षा आहे. ते कलम लावलेले कागद माझ्या टेबलावर क्वचितच आले. आरोपी फरार आहे आणि लवकर सापडण्याची शक्यता नाही हे सिद्ध झाले, तर त्याच्या गैरहजेरीत साक्ष नोंदवता येते आणि पुढे साक्षीदार वारला तरी ती वापरता येते. आपल्या रखवालदाराची साक्ष तशी नोंदवली होती का?

टॉवेल कारखानदार:
नाही. तसा अर्ज करता येतो हे मला आज, येथे कळले. त्या चार वर्षांत कोणी सांगितले नाही. तरीही ज्याच्यावर आधीच अशाच चोरीचे प्रकरण चालू आहे त्याला जामीनदाराशिवाय सोडू नये, या मतावर मी कायम आहे.