कणकुंबीचा सडा की भीमगडची दरी? वडिलांसोबत जाण्याविषयी

प्रश्न (बेळगाव):
माझे वडील ६८ वर्षांचे आहेत. नोकरीच्या काळात ते जांबोटीमार्गे अनेकदा गोव्याला गेले, परंतु रस्त्याच्या दोन्ही बाजूंचा मुलूख त्यांनी पायी कधीच पाहिला नाही. सप्टेंबरमध्ये त्यांना घेऊन जाण्याचा विचार आहे. कणकुंबीकडचे सडे आणि भीमगड अभयारण्यातील दऱ्या यांपैकी एकच जमणार असेल, तर काय निवडावे?

उत्तर (जांबोटी):
सडाच निवडावा, असे मी आग्रहाने सांगेन. उन्हाळ्यात हा जांभ्या दगडाचा माळ करपलेला दिसतो आणि म्हणूनच लोक त्याला पडीक समजतात, याचे मला फार वाईट वाटते. कारण पावसाच्या शेवटी त्याच कातळावरच्या बोटभर मातीत गेंद आणि सीतेची आसवे एवढी दाट फुलतात की पाय कुठे ठेवावा हा प्रश्न पडतो. त्या मातीत नत्र अतिशय कमी असते. ती उणीव दवबिंदू ही वनस्पती पानांवरच्या चिकट थेंबांत किडे पकडून भरून काढते, तर सीतेची आसवे ओल्या मातीतील आपल्या इवल्या पिशव्यांत सूक्ष्म जीव ओढून घेतात. वडिलांना हे वाकून, सावकाश दाखवा. चालताना उघड्या कातळावरूनच चाला. साचलेल्या उथळ पाण्यात पाय घालू नका, त्यात बेडकांची पिल्ले वाढत असतात.

उत्तर (खानापूर):
वरील मताशी मी सहमत आहे, मात्र दरीविषयी थोडे सांगतो. भीमगडला २०११ साली अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि त्याचे क्षेत्र सुमारे १९० चौरस किलोमीटर आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार आत जाण्यास वनखात्याची परवानगी आवश्यक असते, तेव्हा खानापुरात आधी चौकशी करावी. गवे आणि अस्वले यांचा वावर असल्याने वाटाड्याशिवाय कोणीही उतरू नये. बारापेडे गुहांचा मोह तर पूर्णपणे टाळावा: राटनचे वटवाघूळ ही दुर्मीळ जात जगाला अनेक दशके केवळ तेथूनच ठाऊक होती, आणि माणसांच्या वर्दळीने वटवाघळे आपला आसरा सोडून जाऊ शकतात.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. सडाच निश्चित केला. वडिलांना मलप्रभेचा उगमही पाहायचा आहे. तेथवर फार चालावे लागेल का?

उत्तर (जांबोटी):
नाही. तो कणकुंबी गावातच, माऊली देवीच्या मंदिराजवळ आहे. तेथे उभे राहून त्यांना एवढे जरूर सांगा की हे पाणी पूर्वेला सौंदत्तीजवळच्या नविलुतीर्थ धरणात साठून पुढे कृष्णेला मिळते, आणि याच डोंगराळ प्रदेशात देगावजवळ उगम पावणारी म्हादई मात्र पश्चिमेला गोव्यात उतरून मांडवी या नावाने समुद्राला मिळते. सकाळी लवकर निघा. दुपारनंतर धुके दाटले की सड्यावर दिशा कळत नाही. जळवांसाठी मीठ किंवा तंबाखूची पुडी जवळ असू द्या.