लेप्टोला तोंड लागत नाही
"पुराचं पाणी पोटात गेलं नाही तर काय होत नाही" असं एकानं लिहिलंय, ते कॉलरा-टायफॉईडपुरतं ठीक आहे, पण लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस या तापाचा जंतू) पायाच्या भेगेतनं, डोळ्यातनंसुद्धा आत शिरतो. उंदराच्या किडनीत मजेत राहतो, लघवीतनं चिखलात येतो, उंदराला काही नाही आणि आपल्याला लिव्हर-किडनीपर्यंत त्रास.

२०१९ च्या पुरानंतर कोल्हापुरात शाहूपुरीत मामाच्या घरातला गाळ मी अनवाणी काढला (गमबूट होते की, पण रुतून बसायचे), आठ-दहा दिवसांनी ताप आला आणि पोटऱ्या अशा ठणकायला लागल्या की जिना चढवेना, घरचे म्हणाले गाळ उपसून अंग दुखतंय. डॉक्टरांनी लालभडक डोळे बघून पहिलं विचारलं, पुराच्या पाण्यात उतरला होतास का? डॉक्सीसायक्लिन या अँटिबायोटिकवर निभावलं.