'समावेशन'ला पर्याय सुचवा (लॉ कॉलेजच्या पुस्तिकेसाठी)

कृष्णाकाठ (सांगली):
मंडळी, मदत हवी आहे. मी लॉ कॉलेजात शिकवते. नव्या मुलांची माहितीपुस्तिका मराठीत करायचं काम माझ्याकडे आलंय. एका प्रकरणाचं शीर्षक 'डायव्हर्सिटी, इन्क्लूजन अँड बिलाँगिंग' असं आहे. पहिल्याला 'विविधता' चालेल. दुसऱ्याला मी 'समावेशन' लिहिलं, तर ऑफिसातले भाऊसाहेब विचारतात, "मॅडम, कंत्राटी लोकांना कायम करणार आहेत का?" त्यांचं काही चुकलं नाही, जीआरमध्ये हा शब्द त्याच अर्थाने येतो. तिसऱ्याला तर काही सुचतच नाही. जत-आटपाडीहून आलेली मुलं कितीतरी दिवस मागच्या बाकावरून हलत नाहीत. त्यांना वाचून खरं वाटेल असा शब्द हवाय.

माहुलीकर:
'सामावून घेणे'. मावणे, सामावणे एकाच घरातले. 'समावेशन' कचेरीत राहू द्या.

दिवाणीवाला:
असहमत. सामावून 'घेणारा' कोण? म्हणजे घर त्याचं आणि मुलगा पाहुणा. तो सीईटी देऊन, यादीत नाव लागून आलाय, कुणी पदरात घेतलेला नाही. राखीव जागेवर आला असेल तर त्यामागे १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने आलेलं, मागासवर्गांसाठी विशेष तरतुदींची मुभा देणारं कलम १५(४) आहे. प्रकरणाचं नाव 'समान हक्क' ठेवा.

पुसेगावकर:
हक्क मिळाला म्हणून करमतंच असं नाही. 'बिलाँगिंग'ला 'आपलेपणा'च. संस्कृत आत्मन्, प्राकृत अप्पा, त्यातून आपण, आपला. म्हणजे आत्मीयता आणि आपलेपणा सख्ख्या बहिणी. शिवाय 'आम्ही कोर्टात चाललोय' म्हटलं की ऐकणारा बाहेर, 'आपण जाऊ' म्हटलं की तो आत. इंग्रजीला यासाठी वेगळा शब्द नाही. पुस्तिकाभर 'आम्ही'च्या जागी 'आपण' करा, अर्धं काम झालं.

दिवाणीवाला:
मग संविधानाच्या उद्देशिकेचं काय? 'आम्ही, भारताचे लोक' आहे, 'आपण' नाही.

माहुलीकर:
कारण ती प्रतिज्ञा आहे, 'आपण' म्हटलं तर ते आवाहन होईल. शेवटचे शब्द बघा, 'स्वतःप्रत अर्पण करत आहोत'. देणारे तेच, घेणारेही तेच. तिथल्या 'आम्ही'च्या बाहेर कुणी उरतच नाही.

पुसेगावकर:
मान्य. पण हा आपण-आम्ही भेद आपल्याकडे द्राविडी भाषांतून आला, असं माझं ठाम मत.

जतची लेक:
दादा, आमच्या घरी कन्नड बोलतात. आजच्या कन्नडात दोन्हींना 'नावु' एकच. आणि गुजरातीत 'आपणे' आणि 'अमे' आहेतच. तेव्हा इतकं ठाम नका राहू.
कृष्णाकाठ ताई, मी सांगलीतच लॉ केलं, आता वकिली करते. पहिल्या वर्षी मला परकं वाटायचं ते शीर्षकामुळे नव्हे. वडिलांचा जमिनीचा दावा वर्षानुवर्षं चालला होता, त्यामुळे कैफियत, तहकूब, हुकूमनामा हे शब्द मी लहानपणापासून ऐकलेले. वर्गात मात्र 'डिक्री' म्हटलं की मी गप्प. तो हुकूमनामाच, हे कुणी सांगितलंच नाही. पुढे एका सरांनी मूट कोर्टात, म्हणजे सरावाच्या लुटुपुटूच्या खटल्यात, मराठीतून बाजू मांडू दिली. माझे हात कापत होते, पण कुठेही अडले नाही. तालुक्याच्या कोर्टात आज रोज मराठीतूनच बोलते. शब्द कुठलाही घाला ताई, मूट कोर्ट मराठीतूनही ठेवा.

माहुलीकर:
ताई, अनुभव मोलाचा आहे. फक्त 'मूट कोर्ट'ला 'अभिरूप न्यायालय' हा चांगला शब्द आहे, तो वापरू या. आणि हुकूमनामा फारसी वळणाचा. शिवरायांनी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो याचसाठी ना?

दिवाणीवाला:
हुकूमनामा पक्षकाराला कळतो, तोच राहू द्या. 'न्यायनिर्णय' म्हणजे जजमेंट, त्यात निकालाची कारणं असतात; हुकूमनामा म्हणजे त्यावरून निघालेला औपचारिक आदेश, ते वेगळं. शुद्ध करायला जाल तर दोन्हींची गल्लत होईल.

पुसेगावकर:
साताऱ्याचंही सांगतो. कर्मवीर भाऊराव पाटील, म्हणजे आपल्या अण्णांनी १९२४ मध्ये छत्रपती शाहू बोर्डिंग काढलं, तिथे सगळ्या जातिधर्मांची पोरं एकत्र राहिली, एकत्र जेवली. शब्द काय, तर 'बोर्डिंग'. इंग्रजीच, पण गावोगावच्या आईबापांना कळला. त्याच साताऱ्यात ७ नोव्हेंबर १९०० रोजी बाबासाहेबांचं नाव शाळेत दाखल झालं होतं, पण वर्गात त्यांना वेगळं बसवत. पटावर नाव आलं म्हणजे समावेश झाला. आपलेपणा अण्णांच्या पंगतीत होता. म्हणून म्हणतो, दोन शब्द वेगळेच हवेत.

कृष्णाकाठ:
मजकूर सोमवारी छापायला जायचाय. शीर्षक अजून अडलंय. पण जतच्या ताईंचं वाचून मागे कोर्टातल्या मराठी शब्दांची यादी जोडायचं ठरवलं. टेम्पररी इंजंक्शनला काय लिहू?

जतची लेक:
तूर्तातूर्त मनाई हुकूम.

माहुलीकर:
'अंतरिम मनाई' का नको?