‘क्लेड’ला मराठीत ‘भावकी’ म्हणावे का?

प्रश्न :
अकरावीच्या मुलांसाठी गवतांच्या उत्क्रांतीवर टिपण लिहिते आहे. ‘क्लेड’पाशी अडले. ‘गट’ मोघम वाटतो आणि ‘कुल’ फॅमिलीसाठी ठरलेला आहे. काय वापरावे?

उत्तर :
‘गट’ नकोच, ताई. गट कोणीही, कशावरूनही पाडतो. चाऱ्याची गवते हा एक गट, तृणधान्ये हा दुसरा. क्लेडमध्ये एक पूर्वज आणि त्याचे झाडून सगळे वंशज येतात, एकालाही वगळता येत नाही. या अर्थाच्या सर्वात जवळचा आपला शब्द ‘भावकी’. सुतक कोणाला, हे ठरवताना माणूस शेजारी राहतो की मुंबईला, हे कोणी विचारत नाही; मूळ पुरुष एक आहे का, एवढेच पाहतात. गवतांचा डीएनए वाचणारे हेच करतात. उंची, रूप, उपयोग बाजूला ठेवून पूर्वज शोधतात.

पेरे-कांडे पाहून बांबू उसाच्या घरातला वाटतो. पण बांबू, भात आणि गहू एका भावकीतले, तर ऊस, ज्वारी, मका, बाजरी आणि नाचणी दुसऱ्या. उपकुलांच्या आद्याक्षरांवरून या दोन भावक्यांना ‘बॉप’ आणि ‘पॅकमॅड’ म्हणतात. अनेक देशांच्या अभ्यासकांनी मिळून २००१ साली तृणकुलाची १२ उपकुलांत मांडणी केली, तिचा मोठा आधार डीएनएचाच होता. मला सर्वात आवडलेले नाते नाचणीचे आहे. नाचणी-वरी आपण एका दमात म्हणतो, दोन्ही डोंगरउताराची पिके. प्रत्यक्षात नाचणीचे जवळचे नाते हरळीशी, आणि वरीचे बाजरी-राळ्याशी. गवती चहा तर थेट ज्वारी-उसाच्या वाड्यातला.

दुसरे मत :
‘भावकी’ला माझा विरोध आहे. एक तर शब्द ऐकताच बांधावरची भांडणे डोळ्यांपुढे येतात. दुसरे, भावकी बापाकडून मोजतात, तीत लेकींची मुले धरत नाहीत. क्लेडमध्ये सगळेच वंशज येतात. आणि गवतांच्या बऱ्याच वंशावळी क्लोरोप्लास्टच्या, म्हणजे पेशीतल्या हरितकणाच्या, डीएनएवरून काढल्या आहेत. तो बहुधा आईकडूनच येतो!

उत्तर :
भांडणाला ‘भाऊबंदकी’ हा वेगळा शब्द आहे, तेव्हा पहिला आक्षेप मला टिकणारा वाटत नाही. दुसरा खरा आहे. म्हणून पहिल्या उल्लेखातच ‘लेकींकडच्या वंशजांसह’ असे स्पष्ट लिहावे लागेल.

तिसऱ्यासाठी मात्र तुमचे आभार, कारण त्यातून आणखी एक शब्द हाती लागतो : आजोळ. आरबीसीएल, एनडीएचएफ ही नेहमी वाचली जाणारी जनुके क्लोरोप्लास्टमधली. ती वनस्पतीचे आजोळ सांगतात, बापाच्या घराण्याबद्दल गप्प राहतात. पोळीचा गहू घ्या. त्याच्यात तीन रानगवतांचे जीनोम, म्हणजे पूर्ण जनुकसंच, एकत्र आले आहेत : ‘ए’ ट्रिटिकम उरार्टूकडून, ‘डी’ एजिलॉप्स टाउशीकडून, आणि ‘बी’ एजिलॉप्स स्पेल्टॉइडीसच्या जवळच्या गवताकडून. क्लोरोप्लास्ट आला तो या ‘बी’च्या बाजूने. नुसता तोच वाचला, तर गव्हाच्या दोन घराण्यांचा पत्ताच लागत नाही. पेशीच्या केंद्रकातली, म्हणजे आईबाप दोघांकडून आलेली, जनुके वाचावीच लागतात. बॉप आणि पॅकमॅड या दोन्ही भावक्या केंद्रकातल्या जनुकांनीही खऱ्या ठरवल्या आहेत, त्यामुळे टिपणातला तो भाग निर्धास्त लिहा.

‘गवत’ शब्दही जपून वापरा, ताई. बोलण्यात भात म्हणजे पीक, बांबू म्हणजे झाड. गवत म्हणजे गुरे खातात ते. शास्त्राच्या अर्थाने ‘तृण’ बरा. गंमत अशी की शेतकऱ्याचे ‘तण’ याच ‘तृण’ शब्दातून आले. म्हणजे ज्वारी हे तृण, आणि ज्वारीतून खुरपून काढतात ते तण! उलट लव्हाळा आणि नागरमोथा गवतासारखे दिसतात, पण त्यांचे कुल निराळे. त्यांचा दांडा बोटांत फिरवून पाहायला सांगा मुलांना, तीन कडा लागतात.

‘प्रजाती’चेही तसेच. मराठी विश्वकोशात प्रजाती म्हणजे जीनस आणि जाती म्हणजे स्पीशीज, तर वर्तमानपत्रे सर्रास स्पीशीजला प्रजाती म्हणतात. तुम्ही विश्वकोशाचीच रीत ठेवा.

प्रश्नकर्ती :
ठेवते. भावकी घेतली, व्याख्येसह. वाक्य असे केले : ‘नाचणी आणि हरळी एकाच भावकीतल्या, बांबू आणि भात दुसऱ्या, लव्हाळा मात्र या कुलातलाच नाही.’ गव्हाच्या परिच्छेदाला ‘गव्हाचे आजोळ’ असे शीर्षक देते आहे.