३,३५,५०,३३६ : ‘पूर्ण’ की ‘परिपूर्ण’?

या संख्येला एका लेखात ‘पूर्ण संख्या’ म्हटलेलं वाचलं. पण पूर्ण तर ४ आणि ५ सुद्धा आहेत! मग हिचं एवढं कौतुक कशाला?

— लेखकाला ‘परिपूर्ण’ म्हणायचं असणार. ०, १, २, ३... या सगळ्या पूर्ण संख्या, त्यांत ऋण संख्या आल्या की पूर्णांक. परिपूर्ण म्हणजे स्वतःला सोडून बाकीच्या विभाजकांची बेरीज जिची तिलाच परत मिळते अशी. ६ = १+२+३. पुढे २८, ४९६, ८१२८, आणि पाचवी थेट ही, साडेतीन कोटींच्या आसपासची. ‘परि’ गाळला की अर्थच गेला.

— मग बेरीज कमी-जास्त भरली तर? ‘न्यून’ आणि ‘विपुल’ असे शब्द पाहिलेत. ‘विपुल’ मला खटकतो. अशा संख्या पुष्कळ आहेत, असं वाटतं.

— माझं मत ‘अधिक’ला. न्यूनाधिक ही जोडी भाषेत आयती आहे. ८ न्यून (१+२+४ = ७), १२ अधिक (बेरीज १६). आणि गंमत बघा, शीर्षकातली संख्या दुप्पट केली की अधिक होते, निम्मी केली की न्यून. परिपूर्ण संख्येच्या बाबतीत हे नेहमीच घडतं.

— पण ‘बारा अधिक’ म्हटलं की समोरचा पुढची संख्या ऐकायला थांबतो! ‘विपुल’मध्ये तो घोटाळा तरी नाही.

— हे मात्र खरं. बोलताना ‘विपुल’च बरा म्हणायचा. ‘मूळ’चंही असंच आहे. ही संख्या २ चा बारावा घात गुणिले ८१९१. यातली ८१९१ मूळ संख्या आहे, म्हणजे १ आणि स्वतः सोडून तिला विभाजक नाही. वर्गमूळातलं ‘मूळ’ निराळं. सम परिपूर्ण संख्या सगळ्या याच साच्याच्या असतात. युक्लिडने हा साचा दिला, आणि त्याबाहेर एकही सम परिपूर्ण संख्या नाही हे ऑयलरने सिद्ध केलं. विषम परिपूर्ण संख्या आजवर कुणालाच सापडलेली नाही.

— शिवाय ती त्रिकोणी आहे : १ पासून ८१९१ पर्यंतची बेरीज. हे नाव अगदी नेमकं, ठिपके मांडले की त्रिकोणच होतो.

— आणि हर्षद? गणिती द. रा. कापरेकरांनी दिलेला शब्द, ‘हर्ष देणारी’. अंकांच्या बेरजेने भाग गेला पाहिजे, जसं १७२९ = १९ × ९१.

— आपल्या ३,३५,५०,३३६ च्या अंकांची बेरीज २८, म्हणजे तीही परिपूर्ण! लगेच भागाकार करून पाहिला. बाकी ८ उरली.